नाव वाचण्याआधी

अलकाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात बसून उशिरा आलेल्या मुलांची नावं रजिस्टरमध्ये लिहीत होते. शुक्रवार होता, सकाळचे सव्वानऊ वाजले होते. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मीनल, हेमंत गेला गं. ड्राइव्हवेमध्येच. अँब्युलन्सवाले आत्ताच..." पुढचं तिला बोलवलं नाही. रेवाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोन घेऊन इंग्लिशमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि ठेवून दिला. हेमंत माझा बावीस वर्षांपासूनचा मित्र. अशा वेळी माणसाला रडू येतं किंवा काही सुचत नाही, असं आपण ऐकतो. मला भीती वाटली. साधी, स्वतःपुरती, लाज वाटावी अशी भीती... आता अलकाला कळेल का, याची. रडू आलं, पण ते नंतर, दहा-बारा मिनिटांनी, स्टाफच्या बाथरूममध्ये. त्या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने झाल्या हे मी विसरू शकत नाही, म्हणून लेखाची सुरुवात तिथूनच करते आहे.

हेमंत मूळचा नागपूरचा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून कॉव्हेंट्रीला आला आणि इथलाच झाला. बोलणं मात्र शेवटपर्यंत नागपूरचं राहिलं, त्यावरून आम्ही पुण्याची माणसं त्याला छळायचो आणि तो आम्हाला दुप्पट छळायचा. सिनेमाचं वेड त्याला पहिल्यापासून होतं, पण मोठ्या सिनेमांचं नव्हे. कुणीतरी नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उभं करून केलेला सिनेमा त्याला हवा असायचा. इथल्या मराठी मंडळाच्या एका गणपतीत त्याने असाच एक छोटा सिनेमा दाखवायला घेतला. एका बसड्रायव्हरने केलेला होता. सिनेमा संपला, पडद्यावर नावं सुरू झाली, आणि आमची मंडळी उठून जेवणाच्या रांगेत लागली. हेमंत पडद्यासमोर जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "बसा ना! नावं चालू आहेत अजून." कोणी बसलं नाही. मी बसले, कारण मला त्याच्या आवाजाची भीती वाटली. आमची मैत्री अशी सुरू झाली.

पुढच्याच वर्षी त्याने अवॉर्ड्स काढली. नियम दोनच. सिनेमाला कोणत्याही स्टुडिओचा किंवा चॅनेलचा हात लागलेला नको, आणि करणारा माणूस या देशात राहणारा हवा. भाषा कुठलीही चालेल. मंडळात यावरून बरीच कुरकुर झाली, मराठी मंडळाने पोलिश सुताराच्या सिनेमाला बक्षीस का द्यायचं म्हणून. हेमंत म्हणाला, त्या सुताराने आपल्या हॉलचा दरवाजा फुकट दुरुस्त केला तेव्हा कोणी भाषा विचारली नव्हती. विषय तिथेच मिटला. सोहळा रविवारी दुपारी दोन वाजता, कारण सोमवारी सगळ्यांना कामं. स्लाऊपासून न्यूकासलपर्यंतची माणसं यायची, घरात असतील ते चांगले कपडे घालून. बक्षीस म्हणजे हेमंतने गॅरेजमध्ये स्वतः घासून केलेला लाकडी ठोकळा, वर पितळेची पट्टी. आणि विजेत्या सिनेमात काम केलेल्या प्रत्येकाचं नाव स्टेजवरून वाचलं जायचं, अगदी ज्यांनी सँडविच आणून दिली त्यांचंही. ते नाव ऐकायला ती माणसं रेल्वेने तीन-तीन तास येत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

या सगळ्यात माझं काम फोन करणं. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, दिवसभर पालकांशी आणि कौन्सिलशी बोलते, त्यामुळे माझा एक फोनवरचा आवाज तयार झालाय. त्या आवाजाला कोणी नाही म्हणत नाही. हॉल, खुर्च्या, माइक, वडे, पार्किंग, सगळं एका शाळकरी वहीत लिहायचं, एकेक फोन करायचा आणि पुढे बरोबरची खूण करायची. पण फोन ठेवला की माझी घाबरगुंडी सुरू. हॉलवाला विसरला तर, प्रोजेक्टर बंद पडला तर, लोकच आले नाहीत तर! हेमंत हसायचा. "काय घाबरून राहिली तू! होते ना सगळं." आणि खरंच, दरवर्षी सगळं व्हायचं. प्रोजेक्टर एकदा बंद पडला होता, तर त्याने तो सिनेमा तोंडी सांगितला आणि लोक म्हणाले, बघण्यापेक्षा हे बरं. माझ्या भीतीला आम्ही दोघं इतकी वर्षं हसत आलो की मलाही तिची किंमत उरली नव्हती.

त्याची आणखी एक खोड सांगायला हवी. पाकीट उघडून विजेत्याचं नाव वाचण्याआधी तो थांबायचा. "आणि यंदाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट..." आणि गप्प. चार सेकंद, सहा सेकंद, दहा सेकंद. चेहरा एकदम कोरा. लोकांना ते माहीत होतं, म्हणून ते खेळायला लागायचे. पहिली टाळी नेहमी अलकाची, पहिल्या रांगेतून. मग सगळा हॉल ठेका धरायचा, शिट्ट्या वाजायच्या, कोणीतरी ओरडायचं, "अरे, चहा पिऊन येऊ का तोवर?" आणि तो अगदी हळू, जसं काही झालंच नाही, नाव वाचायचा. रेवा लहान असताना घरी त्याची नक्कल करायची. आता ती तिशीला आलीये, तरी करायची.

यंदा जानेवारीत तो माझ्याकडे पुठ्ठ्याची खोकी द्यायला आला आणि जिन्यावर मध्येच थांबला. मला वाटलं काहीतरी विसरला. दोन दिवसांनी त्याने स्वतःच सांगितलं, चढ आला की छातीत आवळल्यासारखं होतं, जीपीकडे, नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन आलो, स्प्रे दिलाय, हॉस्पिटलचं लेटर येईल. स्प्रे जिभेखाली मारायचा. तो त्याने माझ्याकडे दिला, माझ्या पर्समध्ये ठेवायला. कारण अलका फार्मसिस्ट. तो स्प्रे तिने घरात नुसता पाहिला असता तरी तिला सगळं कळलं असतं आणि तिने त्याला सोफ्यावरून उठू दिलं नसतं. दुसरा एक त्याने गाडीत, सीटखाली लपवला होता. मी म्हटलं, "हे बरोबर नाही, हेमंत. तिला सांग." तो म्हणाला, "सांगतो ना. अवॉर्ड्स होऊ दे." मी हो म्हटलं. त्या हो नंतर मला रात्रीची नीट झोप लागली नाही, पण म्हटलं मात्र हो.

लेटर आलं. सोहळ्याआधीच्या शुक्रवारची सकाळ, छातीच्या दुखण्याचं क्लिनिक. आणि हॉल तपासायला मिळायचा तो त्याच शुक्रवारी. त्याआधीच्या मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या बॉक्सरूममध्ये गेले. त्या खोलीत एक पलंगही धड मावत नाही, पण आमची पाच जणांची ज्युरी वर्षानुवर्षं तिथेच गुडघ्याला गुडघा लावून सिनेमे बघायची. मी वही उघडली. खुर्च्या, माइक, वडे... हेमंतने माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, हॉस्पिटल. "हा एक फोन पण करून टाक ना. पुढची डेट माग." मी म्हटलं, "अरे, छातीचं आहे हे." तेव्हा तो पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, "गेलो ना मीनल, तर ते ठेवून घेतील मला. मग नावं कोण वाचेल?" त्याच्या आवाजात मला ती ऐकू आली, माझी रोजची ओळखीची भीती... पण त्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती, म्हणून मी ती ओळखलीच नाही.

मी फोन केला. माझ्या त्या आवाजात. पलीकडच्या बाईने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, तो शेजारून सांगत होता. तिने मला स्पष्ट सांगितलं की हे अर्जंट रेफरल आहे, पुढे ढकललं तर आता चार आठवड्यांनंतरचा गुरुवारच मिळेल, चालेल का? मी हेमंतकडे पाहिलं. त्याने मान हलवली. आणि मी म्हटलं, "येस, दॅट्स फाइन." आठवण करून देणारा मेसेज कोणत्या नंबरवर पाठवायचा, असं तिने विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी माझा नंबर दिला. फोन ठेवून वहीत हॉस्पिटलपुढे बरोबरची खूण केली आणि वड्यांचा फोन लावला.

त्या रविवारी हॉल भरला होता. मी विंगेत उभी, पर्सची चेन उघडी, हात आत, स्प्रेवर. दोन तास मी स्टेजवरचं काही पाहिलं नाही, फक्त त्याचा चेहरा पाहिला. सगळं नीट चाललं होतं. शेवटचं पाकीट आलं. ते अंकिताचं होतं हे आम्हा ज्युरीला माहीत होतं. स्लाऊच्या एका वेअरहाउसमध्ये शिफ्टमध्ये काम करणारी मुलगी, तिने फोनवर केलेला चौदा मिनिटांचा सिनेमा, पन्नाशीत गाडी शिकणाऱ्या स्वतःच्या आईवर. हेमंत म्हणाला, "आणि यंदाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट..." आणि थांबला.

अलकाने टाळी वाजवली. हॉलने ठेका धरला. मी मनात मोजत होते... सहा, आठ, दहा. बारा. त्याच्या डाव्या हाताने समोरच्या, पाकिटं ठेवायच्या स्टँडची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. चेहरा कोरा, पण वरच्या ओठावर घाम. शिट्ट्या वाजायला लागल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "पुण्याला जाऊन येतो रे तोवर!" सगळा हॉल हसला, अलका तर रुमाल तोंडावर धरून हसत होती. वीस. त्याच्यापर्यंत फार तर चार पावलं होती. मी ती टाकली नाहीत. स्प्रे हातात घेऊन स्टेजवर गेले तर पहिल्या रांगेतल्या अलकाला त्याच क्षणी कळेल, मी तिच्यापासून काय लपवलंय तेही कळेल, याची मला भीती वाटली. आणि तीनशे माणसांसमोर तमाशा होईल, याचीही. त्याचा जीव जाईल ही भीती होतीच, पण त्या क्षणी ती या दोन भीतींच्या मागे उभी होती. हे लिहायला सोपं नाही. तेवढ्यात तो बोलला. "अंकिता." आणि मग तिच्या सिनेमातली सगळी नावं वाचली, नशिबाने चारच होती.

विंगेत येऊन तो एकावर एक रचलेल्या खुर्च्यांवर बसला आणि तोंड उघडलं. मी जिभेखाली स्प्रे मारला. दोन-तीन मिनिटांनी रंग परतला. मी म्हटलं, "नाइन नाइन नाइनला फोन करते, अँब्युलन्स बोलावते." तर म्हणतो, "वाचली ना सगळी नावं? पॉज कसा होता?" मी म्हटलं, "भयंकर." तो खूश झाला. पाठोपाठ अंकिताची आई आत आली, त्याचा हात हातात घेऊन रडायला लागली, आणि मग चहा, फोटो, आवराआवर. मी फोन केला नाही. पुढचे अकरा दिवस मी त्याला रोज मेसेज करून विचारायचे, कसा आहेस. तो रोज अंगठा पाठवायचा. बाराव्या दिवशी, त्या शुक्रवारी, उसना आणलेला पडदा परत द्यायला म्हणून तो ड्राइव्हवेमधल्या गाडीत ठेवत होता.

जीपीने अलकाला सांगितलं, त्याला क्लिनिकची तारीख मिळाली होती, त्यानेच पुढे ढकलायला लावली. त्यानंतर ती जो भेटेल त्याला तेच सांगत होती. माझ्यासमोरही. तिच्या किचनमध्ये, माझा हात धरून. "माझ्याशी एका शब्दाने बोलला नाही गं. स्वतःच ठरवलं, स्वतःच फोन केला. इतकी वर्षं संसार केला आणि हा माणूस माझ्याशी असा वागला? आय कान्ट फरगिव्ह हिम, मीनल." मी तिचा हात थोपटत बसले. स्वतःच फोन केला, हे ती म्हणायची तेव्हा दर वेळी मी चहाचा कप उचलायचे. स्प्रे माझ्या पर्समध्ये होता, वही माझ्या कपाटात, तो फोन माझ्याच मोबाइलवरून गेलेला. कोणाला कधीच कळलं नसतं. माझ्या वाट्याचा दोष हेमंत गुपचूप उचलत होता, आणि मी त्याला तो उचलू देत होते. अंत्यसंस्काराच्या दिवशी त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला मलाच उभं केलं होतं. मी त्याच्या धाडसाबद्दल बोलले.

मग सोमवारी, शाळेत, माझ्या फोनवर मेसेज आला. हेमंतचं नाव, गुरुवार, सकाळी साडेदहा. येऊ शकत नसाल तर कृपया कळवा. मी तो कितीदा वाचला ते सांगत नाही. दिवसाला वीस फोन करणारी मी, पण तो एक फोन मला करवेना. काय सांगणार होते त्या बाईला? मंगळवारी शाळा सुटल्यावर अलकाकडे गेले.

ती वर बॉक्सरूममध्ये होती, त्याच्या खुर्चीत, त्याच्या कॉम्प्युटरसमोर. रेवा दारात भेटली. तिच्या त्या इथे वाढलेल्या मराठीत हळूच म्हणाली, "मावशी, मी प्रोग्रॅमची व्हिडिओ टाकला तिला. आई रोज तोच बघते. शी लाफ्स. प्लीज जरा बस तिच्याबरोबर." मी वर गेले. अलकाने मला जवळचं स्टूल दाखवलं. "ये ये. हे बघ, आता थांबेल." पडद्यावर हेमंत म्हणाला, आणि यंदाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट... आणि अलकाचा चेहरा उजळला. त्या दोन आठवड्यांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होते. "बघ गं, कसा उभा आहे! सगळ्यात भारी पॉज होता त्याचा. जाता जाता सगळ्यांना नाचवून गेला."

मला खाली पळून जावंसं वाटलं. फोनचं सांगितलं तर हेही तिच्या हातून जाणार होतं, तिच्याकडे उरलेलं एवढंसं. नाही सांगितलं तर ती जन्मभर त्याला माफ करणार नव्हती. मग एका दमात सगळं बोलले. जिना, स्प्रे, वही, फोन, चार आठवडे, दॅट्स फाइन. तिने व्हिडिओ थांबवला. फार्मसीच्या काउंटरवर विचारतात तसे तिने मला एकेक प्रश्न विचारले. कोणता स्प्रे? किती वेळा मारला? कधी? मी सांगत गेले. मग तिने पडद्याकडे पाहिलं. त्याचा हात स्टँडवर होता.

"म्हणजे हे इथे..."

"हो."

"मी टाळ्या वाजवत होते, मीनल."

ती रडली नाही. म्हणाली, "मी दोन आठवडे त्याला शिव्या घालत होते आणि तू समोर बसून चहा पीत होतीस." आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आमची मैत्री त्या वाक्यातून सावरली की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. (हा लेख लिही, हे नंतर तीच म्हणाली. फोनचं गाळायचं नाही, असंही बजावलं.) तिने हात पुढे केला. "मेसेज दाखव." तिने तो वाचला. "म्हणजे परवाचा स्लॉट अजून त्याच्याच नावावर आहे? अगं, लोक महिनोन्‌महिने वाट बघतात गं याची." मी म्हटलं, मी करते फोन. "नको," ती म्हणाली, "तू खूप केलंस."

तिने माझ्याच मोबाइलवरून नंबर लावला आणि स्पीकर ऑन करून कीबोर्डजवळ ठेवला. बरंच वाजत राहिलं. मग तोच आवाज आला, किंवा मला तो तोच वाटला. अलकाने नवऱ्याचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्त्याची पहिली ओळ सांगितली. गुरुवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करायची आहे, एवढंच म्हणाली. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. "डन, लव्ह," ती बाई म्हणाली. "त्यांना दुसरी तारीख देऊ का?"

अलकाने खुर्चीचा हात घट्ट धरला. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"नको, थँक यू," ती म्हणाली. "ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि त्यांना सांगा... यायचंच म्हणून."